चिकू धरेपर्यंत

बेटेगाव,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय मंगलाताई,

नमस्कार. मी बरी आहे, गुडघाही बरा आहे, तेव्हा फोनवर पुन्हा त्याची चौकशी नको. नारळी पुनवेचा भात तुझ्या निमेशनं पोचवला. गूळ नेहमीसारखाच जास्त, म्हणून तर संपला. डबा परत पाठवायचा राहिलाय. तू विचारलंस त्याबद्दल लिहितेच, पण आधी इथली गंमत ऐक.

आमच्या बिल्डिंगीमागे मोटारसायकली लागायच्या ना, तिथं आम्ही चिकू लावले. आम्ही म्हणजे बिल्डिंगीतली आणि मागच्या पाड्यातली माणसं. पाड्यातल्या मंगळीशी मी नळावरून किती भांडलेय, तुला ठाऊक आहे. आता दोघींत एकच कुदळ!

आपल्याकडे माडाच्या बुंध्याशी मासळी पुरतात, तसा मी दमट झालेला जुना जवळा खड्ड्याखड्ड्यात मूठमूठ घातला. वरच्या मजल्यावरची हिना नाकाला ओढणी लावून म्हणाली, "मावशी, चिकूला वास येईल!"

"गोडी येईल, बघच," मी म्हटलं.

एवढं शहाणपण कशाला दाखवावं माणसानं? आपल्या सातपाटीची कुत्री मासळीला विटलेली, इथली जन्माची उपाशी. सकाळी बघते तर निम्मी रोपं आडवी आणि कुत्री पोट फुगवून खड्ड्यात झोपलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळी कमरेवर हात ठेवून हसत सुटली. "पुष्पाबाय, तुमी झाडा नाय, कुत्री लावली!" मग तिनंच काटेरी फांद्या आणल्या. हिनानं ओढणी कमरेला खोचली आणि त्याच वासाची माती हातांनी दाबली. सगळी रोपं पुन्हा उभी केली, भोवती काटे लावले.

काम झाल्यावर आमचे सेक्रेटरी तात्या म्हणाले, "पाणी घालाया माणूस पायजे. इथली माणसं आज हायेत, उद्या नाय. चिकू धरेपर्यंत कोण राहणार, हात वर करा."

बिल्डिंगीत भाड्यानं राहणाऱ्या कंपनीतल्या कामगारांनी माना खाली घातल्या. त्यांचं तरी काय, काम नेईल तिकडे जायचं. मंगळीचा हात वर गेला. आणि ताई, माझाही गेला. मला न विचारता गेला.

हे गेल्यापासून तू म्हणतेस, एकटी काय करतेस तिथं, ये घरी. माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीस. डबा मी परत पाठवत नव्हते तो याचसाठी, की त्याच्याबरोबर उत्तर पाठवावं लागलं असतं. सातपाटीची आठवण मला रोज येते गं. तुझ्या ओट्यावर बसून जवळा निवडावासा वाटतो. पण हल्ली संध्याकाळी मंगळी खालून हाक मारते, "पुष्पाबाय, पाणी आलं, चला!" आणि मी चपला न घालताच धावते. मी इथं सुखात आहे ताई. हे तुला सांगायचीच भीती वाटत होती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याआधी तात्यांना दिलं, राग धरू नकोस. खोलीत तू मिरच्या वाळत घालशील, ठाऊक आहे मला. पण एक कोपरा माझ्यासाठी ठेव, गणपतीत चार दिवस येईन.

डबा निमेशबरोबर पाठवते. रिकामा डबा परत करू नये म्हणून आत्ता चिमूटभर साखर घातलीय. पुढे चिकू घालीन.

तोवर इथलीच, आणि कायम तुझी धाकटी,
पुष्पलता