साडेअकराची बाटली

मायनॉट, नॉर्थ डकोटा
शनिवार

तीर्थरूप आर्डिसमावशीस,

मार्लिसचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, खरंच वाकायला गेले तर छाती ठणकते). तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या बिस्मार्क गावचा बर्फ वितळला का? आम्ही सुखरूप आहोत. सोरेन चार महिन्यांचा झाला. छान बाळसं धरलंय, आणि त्याचं श्रेय चर्चच्या तळघरातलं पाळणाघर घेतं.

तू विचारलं होतंस, नोकरी करून अंगावर पाजणं जमतं का. न जमायला काय झालं? ऑफिस पाळणाघराच्या समोरच आहे. बाराला जेवणाची सुट्टी झाली की मी रस्ता ओलांडून जायचं आणि बाळाला पाजायचं, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पण भिंतीवरच्या वेळापत्रकात साडेअकराला बाटल्या आणि बाराला झोप. त्यामुळे मी धापा टाकत पोचते, तेव्हा माझंच आदल्या दिवशी काढलेलं दूध पिऊन चिरंजीव ढाराढूर. मग मी उपाशीपोटी ऑफिसच्या कोठीत, कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून पंपाने दूध काढते आणि ते उद्याच्या साडेअकराला जातं. पण पंपाला काही बाळाची सर येत नाही. दूध दिवसेंदिवस कमी होतंय आणि मला भीती वाटते, मावशी.

पाळणाघराच्या प्रमुख मिसेस क्नुटसन यांना मी विनवलं, त्याला फक्त अर्धा तास थोपवा, मी येतेच. आता आपल्याकडे तोंडावर नाही कोण म्हणतं? त्या म्हणाल्या, छान कल्पना आहे, बघू या, आणि लिंबाच्या वड्यांची बशी पुढे केली. मी वडी खाल्ली, आभार मानले, परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तर खजुराची वडी. तिसऱ्यांदा त्या बशी आणायला उठल्या तेव्हाच मला उत्तर कळलं. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर 'स्तनदा मातांचे मनापासून स्वागत' अशी पाटी आहे. पाटीखाली मातांसाठी झुलती खुर्ची आहे, आणि खुर्चीत नाताळच्या सजावटीची खोकी.

गेल्या गुरुवारी मात्र खोकी हलली. अंगावर पाजणाऱ्या आयांना मदत करणाऱ्या पाळणाघरांना कुठलीशी संस्था प्रशस्तिपत्र देते, तिच्या तपासनीसबाई यायच्या होत्या. मिसेस क्नुटसननी मला आपणहून फोन केला, बाराला येऊन खुर्चीत बसून पाज म्हणाल्या. मी वेडी, हरखून गेले. पोचले तर साडेअकराची बाटली देऊन झालेली (तपासणीच्या दिवशी वेळापत्रक मोडून कसं चालेल?). झोपलेलं पोर उचलून माझ्या मांडीवर दिलं. त्याने पाठीची कमान करून टाहो फोडला आणि सगळं दूध माझ्या शर्टावर ओकलं. तपासनीसबाईंनी फार प्रेमाने विचारलं, अंगावर न घेण्याचा हा त्रास कधीपासून आहे?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मिसेस क्नुटसन म्हणाल्या, "पहिलंच मूल आहे हो तिचं. आम्ही सगळ्या सांभाळून घेतो तिला."

आणि मी काय म्हणावं? "हो, फार सांभाळतात."

माझा मलाच इतका राग आलाय की दोन दिवस धड जेवले नाही. प्रशस्तिपत्र मिळालं. ते पाटीशेजारी लावलंय आणि खोकी पुन्हा खुर्चीत आली आहेत.

काकांना नमस्कार सांग. गुडघ्यांना जप.

तुझी,
मार्लिस

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच. मिसेस क्नुटसन लहानपणी चर्चमध्ये तू शिकवायचीस त्या रविवारच्या वर्गात होत्या, अजून तुला वचकून असतात. त्यांना एक फोन कर. बाटली अर्धा तास थांबवा, एवढंच सांग. माझं नाव मात्र घेऊ नकोस, मला त्यांच्याशी रोज गोड बोलायचंय.

ता. क. दुसरा. फोन राहू दे. पाकीट चिकटवायच्या आधी सोरेनला पाजायला घेतलं. चांगला भुकेला होता. त्याने एकदा ओढून पाहिलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मान वळवून बाटली शोधायला लागला. मावशी, तूच ये. त्याला बघायला नव्हे, तो मजेत आहे. मला बघायला ये.