बेटावरचा तो खडक

आई, बेटावरचा तो खडक आता नाही. तोच, ज्याचा पाया लाटांनी कोरून काढला होता आणि वरचा भाग छत्रीसारखा उरला होता. ज्याच्या सावलीत तू सहलीला आलेला आमचा अख्खा वर्ग बसवला होतास. इथल्या आखाती देशातल्या शाळेत तू भूगोलाची मिस, घरी आई, आणि दोन्हीकडे आवाज तोच. अजून दिसतेस. वाऱ्यात ओढणी सावरत तू सांगतेयस, "हिमयुगात दूर उत्तरेकडे एवढा बर्फ साचला, की समुद्राचं पाणी त्यातच अडकून पडलं. हे सगळं आखात तेव्हा कोरडं होतं. तळाची वाळू वाऱ्याने इथे आणून टाकली, तिच्या टेकड्या झाल्या, टेकड्यांचा दगड झाला. मग बर्फ वितळला, समुद्र परत आला, आणि उंच होतं तेवढं बेट म्हणून उरलं." कोणीतरी विचारतं, "मिस, इथे ग्लेशियर होता?" तू हसतेस. "इथे बर्फाचा खडाही नव्हता. पण त्याच्यामुळेच आपण आज बेटावर बसलोय."

मी तेव्हा कंपासच्या टोकाने खडकावर माझं नाव कोरत होतो. आई म्हणून ओरडली असतीस तर चाललं असतं. तू सगळ्यांसमोर मला रोल नंबरने हाक मारलीस. परतीच्या बसमध्ये मी रडलो. संध्याकाळी स्वयंपाकघरात तू ओली साखर वाटीत दाबून तिची मूद ताटात पालथी घातलीस, भोवती पाणी ओतलंस आणि ताट हलवत राहिलीस. मुदीचा पाय झिजत गेला, डोकं तसंच राहिलं. "समुद्र असा खातो, हळूहळू," म्हणालीस. राग गेला होता. साखर वाया गेली म्हणून बाबा मात्र कुरकुरले.

आता मी त्याच बेटावर साइट इंजिनिअर आहे. रिसॉर्ट होतंय. ड्रॉइंगमध्ये किनाऱ्याचा वॉकवे नेमका त्या खडकातून जात होता. मीटिंगमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरने मलाच विचारलं, "इस रॉक में कुछ खास है क्या? रखना है तो अभी बोलो, वॉकवे थोडा घुमा देंगे." माणूस भला आहे, आई. त्याने खरंच वळवला असता. पण डेडलाइन अंगावर आलेली, सगळे माझ्याकडे बघत होते. एका दगडासाठी बोललो तर हसतील, असं वाटलं. म्हटलं, "नो सर, ऑर्डिनरी सॉफ्ट रॉक." "खलास," तो म्हणाला, आणि पुढचा विषय निघाला.

पोकलेनला ब्रेकर लावून खडक पाडला तेव्हा मी तिथेच उभा होतो. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं संपलं. फुटलेल्या दगडाच्या पोटात वाळूचे पातळ थर होते, एकावर एक, सगळे एकाच बाजूला कललेले. तेव्हाचा वारा कुठून येत होता ते त्यात स्वच्छ दिसत होतं. तू सांगितलं होतंस, पण बाहेरच्या काळपट खपलीमुळे मला ते कधी दिसलं नव्हतं. आईला दाखवायला हवं, असंच आधी मनात आलं. आणि लगेच इतकी लाज वाटली की मी हेल्मेट काढून उगाच पुसत राहिलो.

लेक कधीची हट्ट धरून बसली होती, म्हणून मागच्या रविवारी तिला बेटावर नेलं. तुला ती फोटोतूनच ओळखते, पण त्या खडकाची गोष्ट तिला पाठ आहे. "व्हेअर इज आजीज रॉक, बाबा?"

"समुद्राने खाल्ला."

"बट यू सेड इट टेक्स थाउजंड्स ऑफ इयर्स."

"कधीकधी लवकर पण होतं, बाळा."

तिने थोडा विचार केला, मान हलवली आणि समुद्राकडे रागाने बघत राहिली.

खरं तर तिला सगळं सांगायचं म्हणून लिहायला बसलो होतो. लिहिलं मात्र तुला, जिच्यापर्यंत हे पोचणार नाही. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. तू असतीस तर शिकवलं असतंस. मी आज-उद्या करत राहिलो. आता हा कागद टेबलावर उघडा पडलाय, ती शेजारीच बसून अभ्यास करतेय, आणि तिला वाचता येत नाही याचं मला बरं वाटतंय.