सध्यापुरता मामाच्या छापखान्यात

१ फेब्रुवारी, सकाळी सात.
आजपासून स्वतःला शोधायचं. वय चोवीस, म्हणजे उशीर झालेला नाही. आई म्हणते झालाय. मामाच्या छापखान्यात दोन वर्षं आहे, पण सध्यापुरता. मामाने काल सरळच विचारलं, मशीनवर कायम राहणार की नाही ते महिनाअखेर सांग, नाहीतर ऑपरेटर ठेवतो. सांगतो म्हटलं. तीस दिवसांचा प्लॅन तयार आहे.

२ फेब्रुवारी.
फेब्रुवारीत तीस दिवस नसतात, असं ताईने लक्षात आणून दिलं. प्लॅन टाइट केला.

४ फेब्रुवारी.
शोध संपला. मी फोटोग्राफर आहे. कॅमेरा नाही, पण नजर आहे. स्वतःची शंभर व्हिजिटिंग कार्डं छापली. घाईत मामाच्याच कार्डाची फाइल घेतली, त्यात नाव आणि धंदा बदलला. नाव केसभर डावीकडे सरकलंय असं वाटलं म्हणून पहिली बारा फेकून पुन्हा छापली.

९ फेब्रुवारी.
बरीचशी कार्डं वाटून झाली. दाताचे डॉक्टर, शिंपी, ताईचं ऑफिस. फोन एकही नाही. लोकांना कलेची जाण नाही. दुकानातला मामाचा फोन मात्र सारखा वाजतोय. काहींना सगळं आयतं मिळतं.

१३ फेब्रुवारी, दुपार.
फोटोग्राफी वरवरची होती. मी मुळात माणसांचा माणूस. लाइफ कोच. त्याच फाइलवरून शंभर कार्डं, या वेळी कोपरे गोल. सुरुवात घरापासून म्हणून ताईला विचारलं, तुझं आयुष्य कुठे चाललंय. ऑफिसला, म्हणाली, आणि उशीर होतोय.

१९ फेब्रुवारी.
फोन नाही. मोबाइल बिघडलाय का बघायला ताईला मिस्ड कॉल द्यायला लावला. वाजला. आईने उरलेल्या फोटोग्राफर कार्डांच्या मागे सामानाच्या याद्या लिहायला घेतल्यात. कागद छान आहे, शाई पसरत नाही म्हणाली. त्यात मामाकडे कार्डांच्या ऑर्डरींचा ढीग. दाताच्या डॉक्टरांची कार्डं कापताना दोन तास कसे गेले कळलं नाही. असा वेळ वाया जातो माझा.

२५ फेब्रुवारी.
ऑपरेटर ट्रायलला आला. दहा वर्षांचा अनुभव. मला काय त्याचं. मी कोपऱ्यात बसून ट्रॅव्हल ब्लॉगर होण्याचा विचार करत होतो. त्याने शिंप्याची कार्डं तिरकी कापली. दोन मिनिटं सहन केलं. मग त्याला बाजूला करून गठ्ठा नीट लावून दिला. निव्वळ माणुसकी म्हणून. पुढच्या आठवड्यात तो माझ्या स्टुलावर बसणार. स्टूल तसं मोडकंच आहे. तरी जेवण गेलं नाही.

२८ फेब्रुवारी.
निरोपाचं भाषण पाठ करून गेलो. मामाने बोलूच दिलं नाही. माझी दोन्ही कार्डं पुढ्यात ठेवली आणि नंबर वाच म्हणाला. वाचला. दुकानाचा होता. जगाची प्रूफं तपासतो, स्वतःचं तपासलं नव्हतं. म्हणजे फोन आले होते तर! किती, विचारलं. चौदा. फोटोसाठी किती? एकही नाही. मार्गदर्शनासाठी? तेही नाही. चौदाच्या चौदा जणांना विचारायचं होतं, हे कार्ड छापलं कोणी.

वाईट वाटलं. मग, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. मामाकडे न बघता मशीन पुसत बसलो. त्याने विचारलं, ऑपरेटरला काय कळवू. नको म्हणून कळव, म्हटलं. सध्यापुरतं.

२ मार्च.
नवीन कार्डं. नाव आणि खाली एकच शब्द, छपाई. नंबर ताईकडून दोनदा तपासून घेतला. पहिलं कार्ड शेजारच्या चष्मेवाल्या काकांना दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, कडेवरून बोट फिरवलं, छान म्हणाले. मग म्हणाले, दुकानाचे फोटो काढून घ्यायचेत, कोणी चांगला फोटोग्राफर आहे का तुझ्या ओळखीत.

तसा कोणी नाही म्हटलं.