स्वातीचं नवं नाव

कर्जत, मंगळवार संध्याकाळ

आज कॉलेजातली स्वाती होणाऱ्या नवऱ्याला घेऊन दुकानात आली. तिला चित्रं काढायला टॅब हवा होता. मी डेमोचे दोन दाखवले. मोठ्याची बॅटरी जास्त टिकते, पण पेन छोट्याचंच भारी. खरं तेच सांगितलं. पेन बघायला म्हणून त्याने स्क्रीनवर तिचं लग्नानंतरचं नाव लिहिलं, ईश्वरी.

"कसं वाटतंय गं?"

"पेन छान चालतंय," ती म्हणाली. त्याने तर नावाचं विचारलं होतं.

रागाच्या भरात भांडून कॉलेज सोडणारा मी. तिच्यावर एवढा जीव, तरी साधा रागसुद्धा आला नाही. ते छोटा घेऊन गेले. ईश्वरी मीच पुसलं. पुढच्या काकांना पेन दाखवताना हाताने आपोआप स्वाती लिहिलं.

"ही कोण रं?"

"आता कोणी नाय, काका."