तानुबाई जायची

पेठ, १२ डिसेंबर २००२

ती. बाबांना दीपमालाचा शि. सा. नमस्कार.

मनमाडला थंडी वाढली असेल, कानटोपी घालत जा. आता खाली बसून वाचा. मी साहेबांशी वाद घातला आहे.

सोमवारी ते शाळा तपासायला आले, तेव्हा मी सातवीला इंग्रजीतला भूतकाळ शिकवत होते. रोशनी नावाच्या मुलीने फळ्यावर मनाने वाक्य लिहिलं, 'माय मदर यूज्ड टू गो टू ग्रेप फार्म्स.' साहेब हसले. 'यूज' म्हणजे वापरणे, मग तुझ्या आईने काय वापरलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं आणि खोडून 'वेन्ट' लिहिलं. पोरगी रडकुंडीला आली.

मी म्हटलं की वाक्य बरोबर आहे. 'वेन्ट' म्हणजे गेली. 'यूज्ड टू गो' म्हणजे जायची. तिची आई तानुबाई दर दिवाळीनंतर पिंपळगावकडे द्राक्षांच्या कामाला जायची, पोरीलाही न्यायची, शाळा बुडायची. यंदा ती गेली नाही. नागलीची भाकर खाऊन राहू, पण पोरीची सातवी बुडवायची नाय, असं मला घरी येऊन सांगून गेली. 'गेली' लिहिलं तर तिने धरलेला हट्ट वाक्यात उरतच नाही.

एवढं बोलून मी साहेबांचं 'वेन्ट' पुसलं. आठ दिवसांत लेखी माफी द्या, नाहीतर बदली, असं ते बजावून गेले. मी देणार नाही. रागवा, पण पत्र पाठवा.

तुमची हट्टी लेक,
दीपमाला


मनमाड, १६ डिसेंबर

चि. दीपमाला हिस अनेक उ. आशीर्वाद.

मला कानटोपी घालायला सांगतेस, आणि तुझ्या डोक्याचं काय? चौतीस वर्षं मी रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन होतो. साहेबांच्या चुका अंगावर घेतल्या, मान खाली घातली, तेव्हा तुमची शिक्षणं झाली. दोन ओळी लिहून तुझं काय झिजणार आहे? 'अनवधानाने' असा शब्द घाल, म्हणजे मोघम राहील. नोकरी नवी आहे, लग्न व्हायचं आहे. तुझी आई दोन दिवस धड जेवलेली नाही.

ऐकशील अशी आशा नाही, तरी सांगतो.

देवराम


पेठ, २४ डिसेंबर

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

माफीऐवजी मी खुलासा लिहिला आणि व्याकरणाच्या पुस्तकातलं पान उतरवून जोडलं. कचेरीत साहेबांनी ते उलटूनही पाहिलं नाही. माझ्यामागे तानुबाई उभी होती; मी बोलावलं नव्हतं, सकाळीच पायी निघून आली होती. तिने साहेबांना सरळ विचारलं की मी जायची, आता जात नाय, तर पोरीनं लिवलं त्यात खोटं काय? साहेबांनी शिपायाला हाक मारली. ती जागची हलली नाही. शेवटी साहेबच उठून गेले.

बदलीचा हुकूम आज हाती आला, सुरगाण्याकडच्या डोंगरातली शाळा. तानुबाई रडली, मी नाही. रोशनी रोज शाळेत येते आहे आणि येत राहील, तिच्या आईने मला तसा शब्द दिला आहे.

बाबा, तुम्ही मान खाली घातलीत म्हणूनच मला ती वर ठेवता येते. माझ्यावर चिडू नका. आईला जेवायला सांगा.

नव्या गावी वीज नाही, एसटी अर्ध्या वाटेपर्यंतच जाते. पण सातवी आहे. दोन तारखेला हजर होते आहे.

लोभ आहेच, तो नव्या पत्त्यावर पाठवा.

तुमची,
दीपमाला