सहा-सहाचे तीन गट

१२ सप्टेंबर
साथीमुळे सामूहिक गाणं बंद होऊन सहा महिने झाले. मैदानात लोक गळा फाडून ओरडतात, ते चालतं. आमच्या एकोणीस जणांच्या गायनवृंदाने तोंड उघडलं की म्हणे थुंकी उडते. आजपासून लढ्याचं नेतृत्व माझ्याकडे. कुणी दिलं नाही, मीच घेतलं. धोरण: नम्रपणा. हात उचलायचा नाही.

१४ सप्टेंबर
आरोग्य अधिकारी बाईंना भेटलो. म्हणाल्या, हवं तर गुणगुणा. मी नम्रपणे टेबलावर मूठ आपटली. वर काच आहे हे आधी सांगायला हवं होतं. पाच टाके. छाप मात्र जबरदस्त पडली. सोडायला दोन शिपाई थेट गेटपर्यंत आले.

२० सप्टेंबर
पार्किंगमध्ये तालीम. प्रत्येक जण आपापल्या गाडीत, काचा बंद, हातात माइक, सगळ्यांचे आवाज गाडीतल्या रेडिओवर. कल्पना वृंदातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची. शिस्त माझी. खर्जात गाणारा बेकरीवाला एक मात्रा आधी घुसला. दोनदा. खुणावलं, ऐकेना. मग गाडीनेच हळूच ढोसलं. त्याने रिव्हर्स घेतला. माझा दिवा फुटला, त्याचं मागचं दार गेलं, दोघंही खाली उतरलो. मास्कमुळे त्याचं नाक नेमकं कुठे ते कळेना. तीन गुद्दे अंदाजाने मारले. त्याने एकच मारला. त्याला माझं नाक बरोबर सापडलं.
बायकोही वृंदात आहे. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. बेकरीवाल्यावर भयंकर चिडली असणार.

२१ सप्टेंबर, पहाटे
नाक ठणकतंय. गाणं बंद राहिलं की माणसं हिंसक होतात. हा मुद्दा अर्जात घालणे.

३ ऑक्टोबर
बाजारात सह्यांची मोहीम. एक गृहस्थ म्हणाले, गाणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. पॅडनेच हाणलं. पुढच्या अकरा जणांनी न वाचता सही केली. जनमत वळतंय.

१५ ऑक्टोबर
परवानगी मिळाली! डॉक्टरीणबाईंनी दोन ओळींचं पत्र धाडलं होतं म्हणे: उंच छत, उघड्या खिडक्या, अंतर ठेवू. असेल. पाया मी घातला. अट एकच, एका वेळी सहा जण. बावीस वर्षं पहिल्या रांगेत उभा आहे. गाण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. माझ्यासोबत कुठले पाच घ्यायचे, एवढीच चिंता.

१६ ऑक्टोबर
यादी लागली. सहा-सहाचे तीन गट. तीन वेळा मोजले. अठराच.
जाब विचारायला हॉलमध्ये खुर्ची उचलली. सगळे मागे सरकले. मास्कवरचे डोळे पहिल्यांदाच नीट पाहिले. घाबरलेले होते. त्यात बायकोचेही. खुर्ची खाली ठेवली.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी
बायको तालमीहून आली. विचारलं, माझ्याशिवाय कसं वाटलं? वाटलं होतं, म्हणेल, पोकळ.
म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमेकांचा आवाज ऐकू आला.
मग हात धुवायला गेली. आत गुणगुणत होती. मला पाहून थांबली.