माय, मी स्विच बदलला

माय, आपल्या घरात एक नवी वस्तू आली आहे आणि ती मी कशासाठी घेतली हे तुलाच सांगावंसं वाटतं. तिला स्विच म्हणतात. दिव्याचं बटण नव्हे. वीतभर लांबीची लोखंडी डबी आहे, तिला आठ तोंडं आहेत. घरातल्या कम्प्युटरच्या वायरी तिच्यात येऊन मिळतात आणि इकडचे फोटो तिकडे जातात. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे साधा फोनही नव्हता, म्हणून एवढं फोड करून सांगते. आता बाबाही नाहीत, पण स्टुडिओ आरमोरीतच आहे, त्याच घरात. समोरच्या खोलीत धाकटा लग्नाचे व्हिडिओ जुळवायचा, मागच्या खोलीत मी अल्बमची पानं मांडते. दोघांचा सगळा माल, म्हणजे फोटो आणि व्हिडिओ, वायरीने जोडलेल्या एका पेटीत साठवलेला असतो आणि ती पेटी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आहे, जिथे तू फोटो धुवायच्या औषधाच्या बाटल्या ठेवायचीस. मी लग्न केलं नाही. कारण विचारू नकोस, फार मोठं कारण नव्हतंच.

त्या स्वयंपाकघराचा एक दिवस मला अजून दिसतो. खिडकीला काळी गोधडी लावून तू आत फोटो धूत आहेस. बाहेर रेशनकार्डाच्या फोटोसाठी जंगलाकडच्या गावातून बाया आल्या आहेत. बाबा एका म्हातारीची हनुवटी धरून तिचं तोंड सरळ करतात आणि ती दगडासारखी होऊन बसते. तू ओल्या हातांनी दारात येतेस.

"तिले इचारलं का तुमी?"

"फोटोच तं काढून राह्यलो, अजून काय?" बाबा म्हणतात.

"फोटो तिचा हाये. आधी इचारा, मंग हात लावा."

मग तू तिच्याजवळ खाली बसलीस, तुला येत होते ते गोंडीतले चार शब्द बोललीस, आणि तिने आपणहून मान वर केली. त्या दिवसापासून बायांचे फोटो तूच काढायला लागलीस. बाबा घुश्श्यात होते, पण दोनतीन दिवसच.

तर आता स्विचचं. गेल्या लग्नसराईत धाकट्याला नागपुरातून बोलावणं आलं. लग्नाच्या फिल्मा करणाऱ्या एका मोठ्या जागी काम होतं. जाणार की नाही, ते त्याने सांगितलं नाही. आणि इथे आमचं रोजचं भांडण. त्याने पेटीतून मोठी फाइल ओढायला घेतली की माझं पान जागच्या जागी थिजायचं. मी मागून ओरडायची, "थांब ना रे थोडा!" तो समोरून ओरडायचा, "ताई, पार्टी संध्याकाळी येऊन राह्यली, थांबू कसा?" एखादं लग्न एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत माझं गिरणीतून दळण आणून व्हायचं. मला वाटलं, पोरगा याच कटकटीला कंटाळला असेल. ही कटकट गेली तर तो राहील.

मी त्याला न सांगता चौकशी सुरू केली. आपला जुना स्विच एक गिगाबिटचा, गिगाबिट म्हणजे त्याच्या वेगाचं माप. त्याच्या वर अडीचचा मिळतो, त्याच्याही वर दहाचा. चंद्रपूरच्या दुकानदाराने दहाचाच पुढे केला. "ताई, हाच घेऊन जा. याच्यापेक्षा फास्ट काहीच नाई." मी विचारलं, याला पंखा आहे का? आहे म्हणाला, थोडा आवाज करते. आमच्या कम्प्युटरला आणि पेटीला अडीचच्या वर वेग घेताच येत नाही, हे मी घरून पाहून गेले होते. मग दहाचा घेऊन त्याची घरघर ऐकत का बसायचं? अडीचचा घेतला, बिनपंख्याचा. अंग लोखंडी पाहिजे असं मात्र मी हटून सांगितलं. आपल्याकडचा मे महिना तुला माहीतच आहे, प्लॅस्टिकची वस्तू नुसती भाजून निघते.

मंगळवारी दोघांनी मिळून तो बसवला. धाकट्याने एकेक वायर लावली, दिवे लागले. सगळे हिरवे आणि एक पिवळा. पिवळा म्हणजे वेग कमी. त्याने ती वायर हाताने चाचपत भिंतीकडेने मागच्या खोलीपर्यंत नेली आणि मोठ्याने हसायला लागला.

"ताई, तुह्या बाजूचीच वायर खराब हाये! उंदरानं खाल्ली. अन् एवढे दिवस तू माह्यावर ओरडून राह्यली!"

मीही हसले. त्याने तिथेच बसून नवी वायर जोडली. मग एक अख्खं लग्न पेटीतून त्याच्या कम्प्युटरवर आणून पाहिलं. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत होतो आणि ते झालंसुद्धा. तेव्हाच माझं पानही उघडं होतं, ते हललं नाही की अडलं नाही. मी म्हटलं, "आता बोल. आता कशाले पाह्यजे नागपूर?"

तो वायरीचे तुकडे गोळा करत होता.

"स्विच चांगला हाये, ताई. पण मी याच्यासाठी नाई जाऊन राह्यलो."

त्याच्या बायकोला नागपूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागून वर्ष होत आलं होतं. लेक तिच्याजवळच असते. तो दर शनिवारी बसने जायचा आणि सोमवारी सकाळी यायचा. हे सगळं मला माहीत होतं, मीच तर त्याचा डबा भरून द्यायची. तो म्हणाला, "पोरगी मले पाहुणा समजून राह्यली. परवा मले पाहून आईच्या मांगं लपली." मग थोडं थांबून, "तू मले इचारलंच नाई ना, ताई. नुसता स्विच घेऊन आली."

मला त्या म्हातारीची हनुवटी आठवली. त्याला तसं काही सांगितलं नाही. मी म्हटलं, "जा. पोरीजवळ राह्यलंच पाह्यजे." आणि माय, ते मी न रडता म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं सामान बांधायलाही लागले.

पोळ्यानंतर तो गेला. तिथे बरं चाललंय. लेक आता त्याच्या मांडीवर बसूनच जेवते म्हणे. लग्नसराईत तो आठ दिवस येईन म्हणाला आहे. समोरच्या खोलीतला कम्प्युटर त्याच्यासाठी तसाच जोडून ठेवला आहे. स्विच रात्रंदिवस चालू असतो, गरम होत नाही, कुरकुर करत नाही. निवड चुकली नाही, एवढं नक्की.

हे पत्र तुला कुठल्या पत्त्यावर टाकू? लिहून झालं की घडी करून ठेवून देईन. पण एक गोष्ट त्याला सांगितलेली नाही, तुला सांगते. जुन्या स्विचवर मोठी फाइल अडकली की तो कंटाळून स्वयंपाकघरात यायचा, ओट्याला टेकून उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, चहा ठेव, आता काय काम होत नाई." मग फाइल येईपर्यंत आम्ही काहीबाही बोलत बसायचो. नवा स्विच लागला त्या मंगळवारपासून तो जाईपर्यंत तो एकदाही असा आला नाही. काम इतकं भराभर व्हायला लागलं होतं. मी वेग आणायला चंद्रपूरपर्यंत गेले खरी, पण मला तो वेग नको होता, माय.